तिसरीतल्या मुलासाठी शाळेकडे काय मागावं, कुणाकडे आणि कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा तिसरीत, खाजगी अनुदानित मराठी माध्यमाची शाळा, वर्गात पन्नासच्या वर मुलं. तोंडी सगळं येतं. वाचायला-लिहायला बसवलं की गाडी अडते. फळ्यावरचं उतरवून होत नाही, मग चुळबुळ, मग वर्गाबाहेर उभं राहणं. वर्गशिक्षिका प्रेमळ आहेत, पण ‘एवढ्यांत एकट्याकडे किती बघू?’ म्हणतात. मुख्याध्यापकांनी तोंडी सुचवलं आहे की स्वतःच्या खर्चाने शॅडो टीचर (वर्गात मुलाशेजारी बसून मदत करणारा माणूस) आणा, नाहीतर विशेष शाळा बघा. आई विचारते: भांडू, कायदा दाखवू, की शाळा बदलू?

निदान आत्ता तरी यातलं काहीच करू नका. कायदा तुमच्या बाजूने भक्कम आहे, त्याकडे पुढे येतोच. पण मुलगा रोज बाईंसमोर बसतो, आयुक्तांसमोर नाही. ‘मुलाकडे लक्ष द्या’ ही मागणी शाळेला धड पुरी करता येत नाही आणि धड नाकारताही येत नाही, म्हणून ती हवेतच विरते. ‘गृहपाठ फळ्यावरून उतरवायला न लावता चिठ्ठीवर लिहून द्या’ ही मागणी मान्य तरी होते किंवा फेटाळली तरी जाते, आणि फेटाळली तर कारण लेखी मागता येतं. ‘लक्ष द्या’चं रूपांतर अशा चार-पाच नेमक्या कामांत करणं हेच खरं पालकाचं काम, आणि बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं.

एक गोष्ट मात्र आजपासून सांभाळा. शाळा सोडल्याचा दाखला मागणारा अर्ज कोणत्याही परिस्थितीत लिहून देऊ नका. ‘तुम्हीच अर्ज करा, दाखल्यावर चांगला शेरा देतो’ असं गोड बोलून तो घेतला जातो. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 16 प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. पण अर्ज तुमच्या सहीचा असला की शाळेने काढलं नाही, तुम्हीच नेलं, असं कागद सांगतो. पुढे कुठेही तक्रार केली की पहिला प्रश्न त्या अर्जाचाच येतो. वर्गाबाहेर उभं करणं हाही त्याच कायद्याच्या कलम 17 मधला, मानसिक छळाचा मुद्दा होऊ शकतो. पण बाईंशी बोलताना तो शब्द वापरू नका. ‘तो बाहेर असतो तेव्हा त्याचा तास बुडतो, आत बसवून दुसरं काय देता येईल?’ एवढं विचारा.

शॅडो टीचरबद्दल. अशी अडचण अध्ययन अक्षमतेची (वाचन-लेखन-गणितातली खास अडचण) निघाली, तर तिला दिव्यांगांचा कायदा लागू होतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 16 ने वाजवी सोयी आणि व्यक्तिगत आधार देण्याची जबाबदारी शासनमान्य शैक्षणिक संस्थेवर टाकली आहे. पालकाने राजीखुशीने माणूस आणणं वेगळं, आणि ‘माणूस आणा तरच बसवतो’ ही अट घालणं वेगळं. ही अट चालत नाही. शिवाय तुमच्या मुलाच्या बाबतीत तो उपाय मुळातच चुकीचा वाटतो. ज्याची अडचण छापील मजकुराशी आहे त्याला मजकूर बदलून हवा असतो. शेजारी सतत एक मोठं माणूस बसलं की मूल सूचना त्याच्याकडून घ्यायला लागतं आणि बाईंची नजर त्याच्यावरून उठते. विशेष शाळेचंही तसंच. प्रमाणपत्राप्रमाणे 40 टक्के वा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयात जवळच्या साध्या शाळेत किंवा आवडीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम 31 देतं. निवड मुलाची आणि तुमची, मुख्याध्यापकांची नाही. आणि तोंडी हुशार, वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळा बनलेल्याच नाहीत.

आता पुरावा. शाळेत जाण्याआधी दोन आठवडे घरी शांतपणे काम करा. सुरुवात डोळे आणि कान तपासण्यापासून. हे सांगायला नको असं वाटतं, पण चष्म्याचा नंबर किंवा कानातला जुना मळ ‘अभ्यासात मागे’ या नावाखाली वर्षभर लपलेला सापडतो. अनुदानित शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. तरी त्याची वाट न बघता रुग्णालयात जाऊन या.

मग वह्या काढा: मराठी, गणित, परिसर अभ्यास. फळ्यावर किती होतं हे वर्गातल्या दुसऱ्या मुलाच्या वहीवरून कळतं. फळ्यावर आठ ओळी आणि याच्या वहीत तीन, शेवटची अर्धी, असं असेल तर दोन्ही पानांचे फोटो तारखेसकट ठेवा. घरी एक छोटी चाचणी घ्या. एकच परिच्छेद एकदा पुस्तक समोर ठेवून दहा मिनिटं उतरवायला द्या, दुसऱ्या दिवशी तेवढाच मजकूर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून. जवळून नीट आणि लांबून गडबड, तर अडचण नजरेत किंवा वर-खाली बघताना जागा हरवण्यात आहे. दोन्हीकडे सारखीच रखडपट्टी, तर ती लिहिण्यातच आहे. उपाय वेगवेगळे असतात, म्हणून हे कळायला हवं.

वाचनासाठी दुसरीच्या बालभारतीतला न पाठ झालेला साठेक शब्दांचा उतारा घ्या. तो वाचत असताना मध्ये न सुधारता, कुठे काय वाचलं ते पेन्सिलीने टिपा. ऱ्हस्व-दीर्घ सगळीच मुलं चुकतात, त्याला फारसा अर्थ नाही. मात्रा आणि अनुस्वार गळणं, ध-घ आणि भ-म यांची अदलाबदल, जोडाक्षरापाशी थांबणं, पहिलं अक्षर बघून अख्खा शब्द अंदाजाने ठोकून देणं (‘पाऊस’च्या जागी ‘पाणी’) हे नोंदवा. मग त्याच पातळीचा दुसरा उतारा तुम्ही वाचून दाखवा आणि पाच प्रश्न विचारा. ऐकलेल्यावर चार-पाच बरोबर आणि स्वतः वाचलेल्यावर एखादंच, हा फरक कागदावर दिसला की बाईंचा सूर बदलतो. ‘आळशी आहे, लक्ष नाही’ हे स्पष्टीकरण तिथे टिकत नाही. हे निदान नव्हे, ते तज्ज्ञांचं काम. ही फक्त बोलणं सुरू करायची सोय आहे.

बाईंना विरोधी पक्षात ढकलू नका. कायद्याचं प्रमाण पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक असं आहे, आणि तुमच्या वर्गात पन्नासच्या वर आहेत. त्यांची अडचण खरी आहे. म्हणून मागण्या अशा निवडा ज्यांना वर्गात वेगळा वेळ लागत नाही किंवा जेमतेम दोन मिनिटं लागतात.

पहिली, जागा. दुसऱ्या रांगेत, फळ्याच्या मध्यासमोर, खिडकीच्या उजेडाने फळा चमकत नाही अशी, शेजारी शांत आणि नीट लिहिणारं मूल. अगदी पहिला बाक मागू नका. तो दंगेखोरांचा बाक म्हणून प्रसिद्ध असतो आणि आठवड्याभरात ती शिक्षेची जागा होते. शिवाय पहिल्या बाकावरच्या मुलाला दुसऱ्याचं बघून सुरुवात करता येत नाही, जे या मुलांना फार लागतं.

दुसरी, फळ्यावरचं लेखन. पूर्ण उतरवायचं नाही; बाईंनी ठरवलेल्या तीन ओळी त्याने लिहायच्या, उरलेलं शेजारच्या वहीची झेरॉक्स म्हणून चिकटवायचं. झेरॉक्सचा खर्च आणि धावपळ तुम्ही घ्या, इथे ताणू नका. इथे चुकतं ते असं: काही दिवसांनी तीन ओळीही बंद होतात आणि मूल नुसतं बसून राहतं. म्हणून ‘किती लिहायचं’ हे रोज बाईंनी वहीत एका रेघेने दाखवायचं, रेघेपर्यंत त्याचं काम.

तिसरी, गणिताला मोठ्या चौकोनांची वही. एकक-दशक-शतक एकाखाली एक येत नाहीत म्हणून बेरीज चुकते, आणि बेरीज येत नाही असा शेरा मिळतो. खर्च एका वहीचा आहे, आणि यासाठी कुणाची परवानगी लागू नये. तरी ‘सगळ्यांची वही सारखी हवी’ हा नियम आडवा येतोच, म्हणून पत्रात लिहा.

चौथी, सर्वांसमोर अचानक उभं करून वाचायला न लावणं. वाचन टाळायचं नाही. उद्या कुठल्या चार ओळी वाचायच्या ते आदल्या दिवशी सांगायचं, घरून तयारी करून येईल.

पाचवी, चाचणी. आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहेच. ती त्याच्यासाठी पुरेपूर वापरायला सांगा. संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाला प्रश्न वाचून दाखवणं, परिसर अभ्यासात शुद्धलेखनाचे गुण न कापणं आणि तासाला 20 मिनिटं जादा वेळ, म्हणजे दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटं. जादा वेळ कागदावर मिळतो आणि प्रत्यक्षात वाया जातो, कारण घंटा झाली की बाकीची मुलं दप्तरं आवरतात, खिचडीची गडबड सुरू होते, आणि मूल त्या गोंगाटात पेपर टाकून पळतं. वेळेसोबत वेगळी खोली मागा. कार्यालयातला एक कोपराही चालतो. लेखनिक तिसरीत मागू नये असं माझं मत आहे. सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याचा सराव सहावी-सातवीपासून लावता येतो. आत्तापासून लेखनिक दिला तर लिहिण्याचा उरलासुरला सरावही सुटतो.

या पाचही एकदम मागू नका. दोन किंवा तीन. सहा आठवडे चालल्या की पुढच्या.

भेट कधी मागायची यालाही महत्त्व आहे. निकालाच्या दिवशी, पालकसभेत रांगेत किंवा शाळा सुटताना फाटकापाशी नाही. शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच. आधी वर्गशिक्षिका एकट्या, मग त्यांच्यासकट मुख्याध्यापक. उलटा क्रम लावला तर बाईंना ती चुगली वाटते. दोघं पालक जा. जमत नसेल तर मावशी, काका, कुणीही शांत माणूस सोबत न्या, त्याने फक्त टिपणं घ्यायची.

भेटीनंतर त्याच दिवशी पत्र. शाळेच्या आवक नोंदवहीत नोंद करून आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. आवक घेत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा. व्हॉट्सअॅपवरचा ‘हो ताई, बघते’ उपयोगाचा नाही. पत्र एका पानाचं, साधारण असं:

‘मा. मुख्याध्यापक यांस, स. न. वि. वि. माझा मुलगा (नाव, इयत्ता, तुकडी) याच्या वाचन-लेखनातील अडचणींबाबत दिनांक ... रोजी आपल्याशी व वर्गशिक्षिकांशी चर्चा झाली. त्यानुसार पुढील गोष्टी ठरल्या: 1) बसण्याची जागा दुसऱ्या रांगेत, 2) फळ्यावरील मजकूर निवडक लिहिणे व उर्वरित छायाप्रत, 3) संकलित मूल्यमापनात प्रश्न वाचून दाखवणे, जादा वेळ व स्वतंत्र जागा. दिनांक ... पासून अंमल होईल व सहा आठवड्यांनी आढावा घेतला जाईल. यात काही दुरुस्ती असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. तसेच दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, कलम 16 नुसार मुलाची तपासणी व्हावी, यासाठी गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना कळवावे ही विनंती. वर्गशिक्षिकांच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’

शेवटचं वाक्य औपचारिक नाही. वर्षभर ती फाइल बाईही बघणार आहेत. आणि कायद्याचा उल्लेख एकच, तोही मदत मागताना. मुलातली अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखणं ही त्या कलमाने शाळेचीच जबाबदारी ठरवली आहे, त्यामुळे ‘आधी प्रमाणपत्र आणा, मग बघू’ याला तिथेच उत्तर मिळतं. वर्गातल्या जागेला, वहीला, झेरॉक्सला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

गट साधन केंद्राचं (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र; शहरात नागरी साधन केंद्र) थोडं वास्तव. समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक अनेक शाळांत फिरतात. केंद्राने सप्टेंबर 2022 मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक असं प्रमाण अधिसूचित केलं, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या निकालानंतर. प्रत्यक्षात तेवढी माणसं नाहीत. त्यामुळे भेट झाली तर ती वीस मिनिटं मुलाला कार्यालयात बसवून अक्षरं गिरवण्यात घालवू नका असं सुचवा. त्या वेळात त्यांनी वर्ग बघावा आणि बाईंना दोन गोष्टी करून दाखवाव्यात, त्या पुढच्या भेटीपर्यंत चालतील. वैयक्तिक शिक्षण आराखडा बनला तर त्याची प्रत मागून घ्या आणि ध्येयं वाचा. ‘वाचनात प्रगती होईल’ हे ध्येय नाही. ‘दिवाळीपर्यंत जोडाक्षरविरहित 40 शब्दांचा उतारा मदतीशिवाय वाचेल’ हे ध्येय आहे. यू-डायसमध्ये (शाळा आणि मुलांच्या सरकारी माहिती-नोंदणीत) मुलाची नोंद कोणत्या प्रकारात झाली तेही विचारा. नोंद नसली की सरकारी हिशेबात तुमचा मुलगा गरजू मुलांत नाहीच, आणि साहित्य, भत्ता, विशेष शिक्षक यांपैकी काहीही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

प्रमाणपत्राचं काम समांतर चालू ठेवा, कारण पुढे मंडळाच्या परीक्षेला ते लागणारच आहे. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र साधारण आठ वर्षांच्या आधी दिलं जात नाही. तिसरी हे वय योग्य आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज भरून शासकीय रुग्णालय निवडायचं. मुंबईत शीव आणि नायर रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी वर्षानुवर्षं होते. इतरत्र जिल्हा रुग्णालयात आधी चौकशी करा, कारण मानसतज्ज्ञाचा वार ठरलेला असतो. एका फेरीत काम होत नाही: बुद्ध्यंक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, डोळे-कान. सोबत गेल्या दोन वर्षांच्या वह्या, प्रगतिपत्रकं आणि बाईंनी लिहिलेलं निरीक्षण न्या. शाळेचं निरीक्षण नसलं की पालक परत पाठवले जातात. खाजगी मानसतज्ज्ञाचा अहवाल वर्गात काय करायचं हे समजायला उत्तम, पण परीक्षेच्या सवलतींसाठी शासकीय प्रमाणपत्रच चालतं. त्यावर टक्केवारी 40 पेक्षा कमी आली तरी सगळं संपत नाही; लेखनिकाचा हक्क 40 टक्क्यांच्या वरच्यांपुरताच नाही हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे.

भाषेच्या सवलतीची घाई करू नका. कायद्यात दुसरी-तिसरी भाषा सोडण्याची सोय आहे, पण तिसरीत इंग्रजीचा संबंध तोडला तर ऐकून-बोलून ती जेवढी आली असती तेवढीही येत नाही. हा निर्णय आठवीचा.

वर्गातल्या इतर पालकांना काय सांगायचं? निदान सांगायचं नाही. वर्गाच्या ग्रुपवर तर अजिबातच नाही. तिथे गेलेला शब्द दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मुलांच्या तोंडी असतो. पण अशी अजून तीन-चार मुलं त्या वर्गात नक्की असतात. त्यांच्या आईवडिलांशी समोरासमोर बोला आणि सगळ्यांना फायद्याच्या मागण्या एकत्र करा: प्रश्नपत्रिका मोठ्या टायपात, गृहपाठ तास संपायच्या पाच मिनिटं आधी, चित्रांसकट सूचना. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक हवेत, दिव्यांग मुलांच्या पालकांनाही त्यात प्रमाणात जागा हवी. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देण्यापुरतीच आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेसारखे अधिकार तिला नाहीत. तरी तिच्या इतिवृत्तात विषय आला की तो शाळेच्या दप्तरात कायमचा राहतो.

सहा आठवड्यांनी आढावा झाला नाही तर स्मरणपत्र, पंधरा दिवस वाट, मग गटशिक्षणाधिकारी किंवा मनपा हद्दीत प्रशासन अधिकारी. त्यांच्यावर शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक पत्राला आधीच्या पत्रांच्या प्रती जोडा. पत्रांची दखल घेतली जात नसेल तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. उत्तराची मुदत 30 दिवस. ‘का केलं नाही?’ विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज निकाली निघतो. ‘अमुक तारखेच्या माझ्या पत्रावर झालेल्या कार्यवाहीच्या टिपणीच्या प्रती द्या’ असं मागा. एवढ्यावरच बरीच पत्रं जागी होतात.

त्यानंतर राज्याचे, पुण्यात बसणारे दिव्यांग आयुक्त आणि राज्य बालहक्क संरक्षण आयोग. दोन्हीकडे वकील लागत नाही, साधा अर्ज आणि तारखांप्रमाणे लावलेली कागदपत्रं पुरतात. आयुक्तांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. पण इथवर जाताना हे जाणून जा की ज्या शाळेविरुद्ध तक्रार आहे तिथेच मुलगा उद्या सकाळी जाणार आहे. म्हणून तक्रार शाळेच्या कृतीविरुद्ध लिहा, बाईंच्या नावाने नाही.

आता पुढच्या एप्रिलबद्दल, कारण मिळालेलं सगळं हमखास तिथेच हरवतं. वर्ग बदलला की नव्या बाईंना काहीच माहीत नसतं, आणि बऱ्याच शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीला अख्खी शाळाच बदलते. त्यातच महाराष्ट्रात आता पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि तीही जमली नाही तर त्याच वर्गात ठेवता येतं. परीक्षेतल्या सवलती चौथीच्या नोंदीत दिसत नसतील तर पाचवीची नवी शाळा त्या नव्याने सिद्ध करायला लावते. एप्रिलमध्ये बाईंकडून अर्ध्या पानाचं टिपण घ्या: काय चाललं, काय चाललं नाही, जादा वेळ कसा दिला. मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का त्यावर घ्या. सुट्टी लागण्याआधी घ्या. मे महिन्यात कार्यालयात कुणी सापडत नाही.